तुमचा कान आणि माझी चार पाती

मामा, परवा तुमच्या घरी सगळे कुजबुजत होते. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती आणि पाणी हवं का हेसुद्धा एकमेकांच्या कानाशी जाऊन विचारत होती. मला ते बघवेना. गेले सहा महिने त्याच अंगणात तुमच्याशी सगळे ओरडून बोलत होते. मामी चहाला ओरडून विचारायच्या. सूनबाई "आबाऽ, जेवायला चलाऽ" अशी हाक मारायच्या की दोन घरं पलीकडचा माणूस हात धुवून येईल. दिवाळीला मी आले तेव्हा मीही तशीच ओरडले. तुम्ही चकलीचा तुकडा मोडत म्हणालात, "इंजिनिअरबाई, मी हितंच बसलोय. हायवेच्या पल्याड न्हाय."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी हसले नाही, एवढंच माझ्याबद्दल बरं सांगता येईल.

येत्या रविवारी आपल्या शेडमध्ये, जिथं सगळेच तुम्हाला मामा म्हणायचे, तुमची शोकसभा आहे. साहेब मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडून काम शिकलात, दोन मिनिटं बोला. चांगलं चांगलं बोला." आमच्या बौद्ध लोकांत पुण्यानुमोदनाला उभं राहून गेलेल्या माणसाचे गुण सांगतात, त्यामुळे मला त्याची सवय आहे. तुमचे गुण मी घडाघडा सांगू शकते. पण एक गोष्ट मधे अडकलीय. ती बाहेर काढल्याशिवाय तुमचा एकही गुण माझ्या तोंडून शोभणार नाही. म्हणून लिहून काढतेय, आणि लिहिलंय तसंच वाचणार आहे.

समोर मामी बसतील, तुमची भावकी बसेल. त्यांनी कधी शेडच्या आत पाऊल टाकलेलं नाही, म्हणून आधी आपलं काम साधं करून सांगते. तुम्ही ऐका. चुकलं तर टोका, नेहमीसारखं.

आपण वाघोलीच्या पुढच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या पंख्यांची पाती बनवतो. कारखान्यांत गरम पाणी गार करायला जे मनोरे असतात, त्यांच्या डोक्यावर फिरणारे पंखे. पातं लोखंडाचं नसतं, काचेच्या कापडाचं असतं. केसाहून बारीक काचेचे हजारो धागे एकत्र आले की एक जुडी होते. अशा जुड्यांचं कापड विणतात. ते कापड साच्यात थरावर थर पसरायचं, वरून जाळी घालायची, प्लॅस्टिकची बॅग चिकटवून हवाबंद करायची आणि एका टोकानं पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. दुसऱ्या टोकाला पाइप, पाइप रेझीनच्या, म्हणजे गोठून कडक होणाऱ्या चिकट द्रवाच्या, बादलीत. पाइपवर आट्यांचा स्क्रू असलेला एक चिमटा असतो. चिमटा सैल केला की रेझीन मधासारखं आत ओढलं जातं, सगळं कापड भिजवतं आणि काही वेळानं दगड होतं. झालं पातं.

एवढं सोपं असतं तर तुम्हाला तीस वर्षं त्या पाइपावर हात ठेवून बसावं लागलं नसतं.

गोम हवेत आहे. कापडात कुठं हवा अडकून राहिली तर त्या जागी पोकळी राहते, आणि पोकळी म्हणजे उद्याचा तडा. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात आपलं भांडण सुरू झालं ते यावरच. तुम्ही चिमटा अर्धाच आटा सैल करून बसला होतात. रेझीन गोगलगायीसारखं सरकत होतं. मी घड्याळ बघत होते. माझ्या हातात नवी वही, गळ्यात नवं ओळखपत्र.

"मामा, असं चाललं तर मधेच गोठेल."

"गोठंल तर गोठंल. तहानलेल्याला पाणी पाजताना तांब्या वतत न्हाईत तोंडात. घोट घोट पाजायचं. घाई केली की ठसका लागतो."

"रेझीनला ठसका?"

"लागतो की. बुडबुडा म्हंजी दुसरं काय हाय?" मग तुम्ही माझ्या ओळखपत्राकडं बघितलंत. "ह्याच्यावर लिवलंय व्हय हे?"

मी चिडले होते, मामा. कागदावर तुम्ही माझ्या हाताखाली होतात. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं गेट आतून पाहिलेलं नाही. आई-बाबा वाशीमहून आले. बाबांनी मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिली आणि मी महापालिकेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून इंजिनिअर झाले. हे मी कुठंही मान वर करून सांगते, आजही सांगते. आणि हा सातवी शिकलेला माणूस मला ठसक्याच्या गोष्टी सांगतो, असं मला वाटलं. तसं वाटलं ते लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तुमच्या हातात आणखी एक हत्यार होतं. जुनं, जाड रुपयाचं नाणं. पातं साच्यातून निघालं की तुम्ही एका कुशीवर झुकायचात आणि बुडख्यापासून टोकापर्यंत टिक टिक टिक करत जायचात. पोकळी आली की आवाज बसका यायचा. मला तो फरक ऐकायला चार महिने लागले. तुम्ही चालता चालता, पंप सुरू असताना, रेडिओ लावलेला असताना ऐकायचात. खडूनं गोल करायचात. आम्ही तिथं कापायचो आणि आत पोकळी असायचीच. चांगल्या पात्याच्या बुडख्यावर तुम्ही खडूची एक तिरकी रेघ मारायचात. ती रेघ आली की साहेबसुद्धा दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत.

त्या कानाची मी साक्षीदार आहे. आठवतं, तुम्हाला घेऊन मी मार्केट यार्डात बाबांकडं गेले होते? कलिंगडांचा ढीग लागला होता. बाबा हमाल असले तरी कलिंगडाच्या बाबतीत स्वतःला न्यायाधीश समजतात. त्यांनी एक उचलून थापटलं, "हे घ्या भाऊ, साखर आहे." तुम्ही नाणं काढलंत. ढिगाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. तुम्ही दोन टिचक्या मारल्यात आणि म्हणालात, "गोड हाय, पण मधी भेगाळलंय." बाबा म्हणाले, "पैज?" कापलं. लालबुंद, आणि मधोमध भेग. बाबांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या कानाले तोड नाही भाऊ! मले वाटलं मीच हाओ यार्डात." परत येताना बसमध्ये तुम्ही ते अर्धं कलिंगड मांडीवर घेऊन बसला होतात. म्हणालात, "तुमचे वडील सच्चा माणूस हायेत. हरले तरी आनंद झाला त्यांना."

मला हरून आनंद होत नाही, मामा. ते वडिलांचं माझ्यात आलं नाही.

त्यानंतर आपण बुधवार पेठेत गेलो, ते छोटं यंत्र आणायला, जे कॉम्प्युटरला जोडलं की बारीक गोष्ट मोठी दिसते. दुकानदारानं तुमच्या धोतराकडं बघून विचारलं, "घ्यायचंय, की नुसतं लांबून आलाय म्हणून बघायचंय?" तुम्ही म्हणालात, "बघायचं यंत्र हाय नव्हं? मग आधी बघूनच घिऊ." शेडमध्ये आल्यावर तुम्ही पहिलं त्याच्याखाली स्वतःचं बोट धरलंत. रेझीननं चिरलेली कातडी पडद्यावर नांगरलेल्या रानासारखी दिसली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "झाक. आता तुमचा डोळा आन माझा कान. पातं सुटायचं न्हाय."

तो करार होता. मी तो पाळला नाही.

मे महिन्यात तुम्ही गावच्या जत्रेला तीन दिवस रजेवर गेलात. चार पात्यांची ऑर्डर होती. पत्रा असा तापला होता की बादलीतलं रेझीन हाताला कोमट लागत होतं, आणि कोमट रेझीन लवकर गोठतं. साहेबांना मी तेच कारण सांगितलं असतं. ते कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. मला तुम्हाला हरवायचं होतं. तुमचं घोट घोट खोटं आहे, जोरात सोडलं तरी पातं चांगलं होतं, हे मला तुमच्या माघारी करून ठेवायचं होतं आणि तुम्ही आलात की खडूची रेघ मारायला लावून मग सांगायचं होतं.

रेझीन लवकर पळावं म्हणून मी जाळी दुप्पट घातली आणि चिमटा काढूनच टाकला. रेझीन धावत सुटलं. तेवढ्यात तुमचा फोन आला. मागं ढोल वाजत होते.

"चिमटा किती ठिवलाय?"

"अर्धा आटा, मामा."

"घोट घोट?"

"घोट घोट."

चिमटा माझ्या बुटाशी पडला होता.

तुम्ही परत आलात ते कपाळाला भंडारा लावूनच. पाती तयार होती. तुम्ही नाणं घेऊन झुकलात. पहिलं पातं झालं, दुसरं झालं. तुमचा चेहरा बदलत गेला. चौथ्या पात्याच्या टोकाला पोचलात आणि सरळ उभे राहून सगळ्यांना हाक मारलीत. "या रं समदे! आवाज बघा. पितळंची घंटा हाय. कुठं म्हणून बसका न्हाय." मग माझ्याकडं बोट केलंत. "मी हितं नव्हतो. बाईंनी एकटीनं केलंय. घोट घोट पाजलं की आसं हुतंय. शिकल्या बरं का त्या!"

हीच वेळ होती जिंकायची. मी तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, आणि ते माझ्यासाठी खूश होतात. तुम्ही विचारलंत, "कसं केलंत?" मी म्हणाले, "तुम्ही शिकवलंत तसंच."

चारही बुडख्यांवर तुम्ही रेघा मारल्यात. मला त्या दिवशी वाटलं, खोटं बोलले पण चांगलं बोलले. एका म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला. आता वाटतं, तुमच्या हातात मीच सुरी दिली, आणि ती तुम्ही पुढं स्वतःवर चालवलीत.

पाऊस संपला आणि चारही पाती परत आली. बुडख्यापाशी केसासारखे तडे. पंखा वेळेत थांबवला म्हणून कुणाला इजा झाली नाही. साहेबांनी मीटिंग घेतली. आधी मला विचारलं, "प्रोसेसमध्ये काही बदल केला होता?"

मी म्हणाले, "नाही."

एक शब्द. माझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात यायचं होतं. बाबा माझं व्हिजिटिंग कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून यार्डात व्यापाऱ्यांना दाखवत होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतेय.

मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "गव्हाणे, पास कुणी केलं?"

"म्या."

"मग आवाज आला नाही?"

तुम्ही पात्याकडं बघितलंत. पात्याच्या बुडख्यावर तुमची रेघ अजून दिसत होती. मग तुम्ही जे बोललात ते मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. "बाईंनी काम नीट केलंय, त्यात शंका न्हाय. आन मला आवाज चांगला आला. मंग राहिलं काय? माझा कानच गेला असंल."

तुम्ही माझ्यावर शंका घेतली असतीत तर वाचला असतात, मामा. माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून स्वतःवरचा उडाला.

कानाची तपासणी झाली. वयाच्या मानानं थोडं कमी ऐकू येतं, एवढंच त्या कागदावर होतं. साठीच्या कुणाचाही कान तपासा, हेच येईल. पण 'थोडं कमी' याचं शेडमध्ये पोचेपर्यंत 'गेला' झालं. चौकशीचा रिपोर्ट मी लिहिला. 'तपासणीत त्रुटी. तपासणाऱ्याची श्रवणशक्ती कमी.' खाली माझी सही, पदवीसकट.

तुम्हाला कापड कापायच्या टेबलावर बसवलं. त्या सकाळी तुम्ही माझ्या टेबलावर नाणं ठेवलंत. म्हणालात, "आता तुमीच वाजवा." रागानं नाही. रागानं म्हणाला असतात तरी चाललं असतं.

आता तुम्हाला कधीच न सांगितलेलं सांगते. त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले असताना, मी त्या पात्याचा एक तुकडा कापला. पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून काचेसारखा केला आणि आपल्या बुधवारातल्या यंत्राखाली धरला. जुड्यांच्या मधल्या जागा स्वच्छ होत्या. पण एकेका जुडीच्या पोटात, त्या केसाएवढ्या धाग्यांच्या मधे, बारीक काळे ठिपके होते. कारळ्याची चटणी सांडावी तसे.

मी तिथंच खुर्चीवर बसले. मला शाळेतला धडा आठवला, केशाकर्षणाचा. स्टोव्हची वात तेल आपणहून वर चढवते ना, ते. बारीक फट द्रवाला स्वतःच ओढून घेते, पण तिच्या चालीनं, सावकाश. आपल्या कापडात दोन्ही आहे. जुड्यांच्या मधे रुंद जागा म्हणजे हमरस्ता, जुडीच्या पोटातल्या फटी म्हणजे बोळ. हमरस्त्यानं रेझीन पंपाच्या ओढीनं जातं, बोळातून केशाकर्षणानं. मी चिमटा काढला तेव्हा हमरस्त्यानं रेझीन धावत पुढं गेलं आणि बोळांची तोंडं दोन्हीकडून बंद करून टाकली. आतली हवा आतच राहिली. मनोऱ्यावरच्या त्या दमट वाफेत त्या ठिपक्यांनी ओल धरली, पातं दिवसरात्र हेलकावत राहिलं, आणि तडा तिथूनच निघाला.

मग मी कोपऱ्यातलं तुमचं एक जुनं, तुम्हीच खडूनं गोल करून नापास केलेलं पातं कापलं. तिथं उलटं होतं. जुड्या आतून गच्च भरलेल्या, आणि मधल्या हमरस्त्यात एक मोठा बुडबुडा. फार हळू सोडलं की बोळ पुढं पळतात, पुढं जाऊन एकमेकांना मिळतात आणि हमरस्त्यातली हवा कोंडतात. म्हणजे घोट घोट हेही पूर्ण खरं नव्हतं, मामा. आपण दोघं अर्धे अर्धे चुकलो होतो. फरक एवढाच, की तुमची चूक नाण्याला ऐकू यायची. मोठी पोकळी आवाज बसवते. तुम्ही हळू सोडायचात, कधी बुडबुडा राहायचा, तुमचा कान तो पकडायचा, पातं बाहेर जायचं नाही. माझी चूक धाग्यांच्या आत विखुरलेली होती. ती नाण्याला ऐकू येत नाही. कुठल्याच कानाला येत नाही. विशीतल्या कानालाही नाही.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. घंटेसारखाच आवाज होता.

हे मला दिवाळीच्या आधी कळलं होतं. तुमच्या अंगणात मी ओरडून बोलले तेव्हा मला हे माहीत होतं.

तुम्ही मला संधी दिली नाहीत असं नाही. दोनदा दिलीत. एकदा कात्री थांबवून विचारलंत, "त्यातलं एखादं कापून यंत्रात बघितलं का वो?" मी म्हणाले, "यंत्र बिघडलंय." दुसऱ्यांदा, मी चिमट्याचं नवं माप भिंतीवर लावलं तेव्हा. दीड आटा. हमरस्ता आणि बोळ जवळजवळ बरोबरीनं भरतील असं माप मी बरेच तुकडे वाया घालवून शोधलं होतं. तुम्ही चष्मा वर करून तो कागद वाचलात. "दीड. हळू न्हाय, जोरात न्हाय. कुणी शोधलं?"

"पुस्तकात होतं."

"बरं पुस्तक हाय," म्हणालात, आणि परत कात्री चालवायला लागलात. मला अजून कळत नाही की तुम्हाला काय काय कळलं होतं. कळलं असेल तर तुम्ही मला सोडलंत. कळलं नसेल तर मी तुम्हाला सोडलं. दोन्हींतलं कुठलंही मला पुरत नाही.

गेल्या महिन्यात बाबांनी तुमच्यासाठी कलिंगड पाठवलं होतं. "वाजवून सांगा म्हणाव, गोड आहे का." परवा मामींनी सांगितलं, तुम्ही ते वाजवलंच नाहीत. मांडीवर घेतलंत, हात फिरवलात, आणि सरळ सुरी घातलीत. मामी मला सांगताना रडत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या, शेवटी शेवटी कसे झाले होते ते. म्हणाल्या, "रेडिओबी लावायचं सोडलं हुतं. म्हणायचे, माझ्या कानावर आता काय भरवसा." मी त्यांच्या शेजारी बसले होते. तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नाही. अंगणात सगळे इतके हळू बोलत होते.

काल बाबांना सांगितलं. पहिल्यांदाच. ते खाटेवर बसून ऐकत राहिले. मग खिशातलं माझं कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "शिकली म्हणून खोटं बोलाचं लायसन भेटलं का तुले?" बाबा उठून आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले. "रविवारी मी येतो. मांगं बसतो. तू वाच."

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर दुरुस्त रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"त्यांना नाही पडणार. त्यांच्या घरच्यांना पडेल."

"आणि तुम्हाला?"

"मला पडायलाच हवा, सर."

"शोकसभेत असलं काही नको हं. चांगलं चांगलं बोला म्हटलं होतं मी."

"चांगलंच बोलणार आहे. त्यांचा कान चांगला होता, असं बोलणार आहे."

त्यांनी रिपोर्ट उलटा करून ठेवला. सोमवारी मी कामावर असेन की नाही, माहीत नाही. पदवी माझीच राहील, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. तिच्याखाली मी काय सही केली तेही माझंच राहील.

रविवारी मी फुलांच्या शेजारी त्या चार पात्यांतल्या एकाचा, तडा नसलेला, हातभर तुकडा ठेवणार आहे. घासलेली कड आणि यंत्रातला फोटो शेजारी, काळ्या ठिपक्यांसकट. आणि तुमचं नाणं. भाषण झालं की आधी साहेबांच्या हातात देईन, मग मामींच्या, मग ज्याला वाटेल त्याच्या. वाजवा म्हणेन. तरण्या पोरांनी वाजवावं, ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनी वाजवावं. सगळ्यांना घंटाच ऐकू येईल. जे सहा महिने तुमच्या कानात ओरडले त्या सगळ्यांना, आणि मला.

माईक लावू नका म्हणून सांगितलंय. पंपही बंद ठेवायला सांगितलाय. वाचताना मी आवाज चढवणार नाही. तुम्ही शेडमध्ये कुठंही असलात, कापडाच्या टेबलाशी, नाहीतर तुमच्या त्या पाइपाशी, तरी मी हळूच बोलणार आहे.

मामा, तुम्हाला ऐकू येत होतं.